दयेचे काळभान

एखादे कृत्य चांगले की वाईट हे कर्त्याच्या हेतूवरून ठरवावे की त्या कृत्याच्या परिणामावरून, या वादाला तत्त्वज्ञानात मोठी परंपरा आहे. परंतु तेच कृत्य त्याच माणसाने, त्याच हेतूने आणि त्याच अंगणात केले असता जानेवारीत निरुपद्रवी आणि एप्रिलमध्ये घातक ठरत असेल, तर काळ हाही नीतीचा एक घटक मानावा लागेल काय, हा प्रश्न आधुनिक नीतिशास्त्रात क्वचितच स्वतंत्रपणे विचारला जातो. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्याच्या खेड्यापाड्यांत तो दर वसंतात उभा राहतो, कारण बर्फ वितळू लागताच तेथील काळी अस्वले हिवाळी बिळांतून बाहेर पडून घरांच्या आसपास फिरू लागतात, आणि तेथे त्यांना जे खायला सापडते ते पुष्कळदा कोणीतरी दयाबुद्धीनेच ठेवलेले असते. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे अस्वलाने खाल्ले, त्या चवीने ते पुन्हा आले, मग ओट्यावर चढले, पुढे दार ढकलून घरात शिरले आणि शेवटी गोळी घालून मारले गेले, या क्रमात दोष नेमका कोठे घडला आणि तो कोणाचा, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

येथे अभिप्रेत असलेला प्राणी म्हणजे अमेरिकी काळे अस्वल. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलात आढळणारे, वाळवी आणि मोहाची फुले खाणारे भारतीय अस्वल याहून वेगळे असून दोघांमधील महत्त्वाचा भेद असा की भारतीय अस्वल शीतनिद्रा घेत नाही. शीतनिद्रा म्हणजे अन्नाचे दुर्भिक्ष असलेल्या काळात शरीराचे सर्व व्यापार मंद करून निपचित पडून राहण्याची अवस्था होय. न्यू हॅम्पशायरसारख्या थंड प्रदेशात काळे अस्वल साधारणपणे नोव्हेंबरच्या सुमारास एखाद्या कोसळलेल्या झाडाखाली, खडकाच्या कपारीत किंवा मुळांच्या जाळ्याखाली शिरते आणि पुढील कित्येक महिने काहीही खात नाही, पाणी पीत नाही आणि मलमूत्र विसर्जनही करीत नाही. या काळात शरीरात तयार होणाऱ्या युरियातील नायट्रोजन पुन्हा प्रथिने घडविण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे महिनोन्महिने न हलताही स्नायू फारसे झिजत नाहीत. अलास्का विद्यापीठाच्या फेअरबँक्स येथील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की शीतनिद्रेतील काळ्या अस्वलाच्या शरीराचे तापमान थोड्याच अंशांनी उतरते, परंतु चयापचयाची गती, म्हणजे शरीर ऊर्जा खर्च करण्याचा वेग, नेहमीच्या सुमारे २५ टक्क्यांपर्यंत खाली येतो, आणि विशेष म्हणजे बिळातून बाहेर पडल्यावरही दोन-तीन आठवडे तो पूर्ववत होत नाही.

याच अंधाऱ्या बिळात, ऐन जानेवारीत, मादी पिल्लांना जन्म देते. बहुधा दोन किंवा तीन पिल्ले असतात. जन्मतः त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि प्रत्येकाचे वजन पाव किलोहून थोडेसेच अधिक भरते. स्वतः अन्नपाण्याचा कणही न घेता मादी त्यांना आपल्या अंगावरच्या चरबीतून दूध पुरवते, आणि वसंत येईपर्यंत तिचे वजन एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटलेले असते. नर मार्चच्या अखेरीपासून बाहेर पडू लागतात, तर नव्या पिल्लांच्या माता सर्वांत शेवटी, एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये बाहेर येतात. बाहेर आल्यावर ओलसर जागी उगवलेले कोवळे गवत, दलदलीच्या कडेला बर्फातून डोके वर काढणाऱ्या स्कंक कॅबेज या वनस्पतीची पाने, पॉप्लर जातीच्या झाडांचे तुरे, गेल्या शरदात गळून पडलेली ओक आणि बीच या वृक्षांची उरलीसुरली फळे, मुंग्या आणि हिवाळ्यात मेलेल्या हरणांची शवे एवढेच अन्न उपलब्ध असते. हिरव्या पाल्यात प्रथिने असली तरी चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे दिवसभर चरूनही अस्वलाचे वजन उन्हाळ्यात बोरीवर्गीय फळे पिकेपर्यंत घटतच राहते. काव्यात वसंत हा भरभराटीचा ऋतू मानला गेला असला तरी या प्राण्याच्या दृष्टीने तो वर्षातील सर्वांत कठीण काळांपैकी एक आहे, आणि पुढील सर्व विवेचनाचा पाया हीच वस्तुस्थिती आहे.

आता याच ऋतूतले खेड्यातील अंगण पाहावे. लोखंडी आकड्याला किंवा खांबाला बर्ड फीडर टांगलेले असते. बर्ड फीडर म्हणजे पक्ष्यांना टिपता येतील अशी छिद्रे ठेवलेले, सूर्यफुलाच्या काळ्या बियांनी भरलेले नळकांडे. शेजारी सुतारपक्ष्यांसाठी जाळीत ठेवलेली चरबीची वडी असते, ओट्यावर कुत्र्याच्या अन्नाचे भांडे, परसात कोंबड्यांचे खुराडे, गाडी येण्याच्या आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवलेला कचऱ्याचा डबा आणि रविवारच्या जेवणानंतर न पुसलेली बार्बेक्यूची शेगडी असते. सोललेल्या सूर्यफूल बियांच्या एका किलोत साडेपाच हजारांहून अधिक किलोकॅलरी ऊर्जा असते. कोवळ्या गवतातून तेवढी मिळवायची तर अस्वलाला दिवसच्या दिवस दलदल तुडवावी लागेल. वासाच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण असलेला हा प्राणी रात्री येतो, पुढच्या पंजाने खांब वाकवतो, नळकांडे खाली पाडून फोडतो आणि मग जमिनीवर बसून ओठ आणि जीभ यांच्या साहाय्याने एकेक बी अलगद वेचतो. ज्या बिया हिवाळ्यात चिकडी नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांसाठी ठेवल्या गेल्या, त्याच बिया असे दुसऱ्या कोणाचे तरी अन्न होतात. अस्वल ही जागा विसरत नाही, आणि सोबत पिल्ले असतील तर सुमारे दीड वर्ष आईबरोबर राहणारी ती पिल्लेही तिच्याकडून हीच वाट शिकतात.

म्हणूनच न्यू हॅम्पशायरच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचे आवाहन असे आहे की १ एप्रिलपासून, किंवा बर्फ त्याआधी वितळले तर तेव्हापासूनच, पक्ष्यांना दाणे घालणे थांबवावे आणि १ डिसेंबरनंतर ते पुन्हा सुरू करावे. अस्वले निद्रिस्त असताना पक्ष्यांना घातलेले दाणे पक्ष्यांच्याच पोटात जातात, आणि अस्वले जागी असतात त्या काळात पक्ष्यांना रानातच किडे आणि बिया मिळतात. अर्थात पक्ष्यांवरील दया आणि अस्वलांवरील दया यांत खरा विरोध मुळीच नाही. विरोध दिसतो तो काळाचा विचार सोडून दिल्यामुळे.

हा विचार सुटला की काय घडते याचे ठळक उदाहरण त्याच राज्यातील हॅनोव्हर गावात सापडते. डार्टमथ कॉलेजमुळे प्रसिद्ध असलेल्या, परंतु चहूबाजूंनी जंगलाने वेढलेल्या या गावात मिंक या नावाने ओळखली जाणारी एक मादी अस्वल आपल्या पिल्लांसह वावरत असे, आणि फीडर व कचऱ्याचे डबे यांच्याशी तिची चांगलीच ओळख झालेली होती. २०१७ च्या वसंतात या कुटुंबातील अस्वले एका घरात शिरली, तेव्हा वन्यजीव खात्याने त्यांना ठार मारण्याचा निर्णय घेतला. लोकांमध्ये मोठा क्षोभ उसळला, राज्यपाल क्रिस सुनुनू यांनी हस्तक्षेप केला आणि वर्षभराच्या तीन पिल्लांना पकडून राज्याच्या उत्तर टोकाला सोडण्यात आले. त्यांपैकी एक सीमा ओलांडून कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात गेले आणि तेथे शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडले. मिंकला २०१८ मध्ये पकडून उत्तरेकडे नेले, पण लांबचा फेरा मारून ती २०१९ मध्ये हॅनोव्हरला परत आली आणि २०२० मध्ये शेजारच्या लेबनन गावात मृत आढळली. अनाथ झालेली तिची पिल्ले जवळच्या लाइम गावी बेन किलहॅम यांच्याकडे नेण्यात आली. किलहॅम हे गेली अनेक वर्षे अनाथ अस्वलांची पिल्ले वाढवून पुन्हा रानात सोडणारे अभ्यासक आहेत. या प्रकरणात क्षुब्ध झालेल्या लोकांची कळकळ खोटी होती असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. परंतु ती कळकळ जागी झाली ती गोळीच्या प्रश्नावर, आणि तोपर्यंत निर्णयाची वेळ कधीच टळून गेली होती. ती वेळ कित्येक वसंतांपूर्वी, पहिल्या नळकांड्यापाशी येऊन गेली होती.

अशा प्रसंगी अस्वलाला दोषी म्हणता येईल काय, हा पहिला तात्त्विक प्रश्न आहे. मध्ययुगीन युरोपात प्राण्यांवर रीतसर खटले चालत; फ्रान्समधील फालेझ येथे १३८६ मध्ये एका मुलाचा जीव घेतल्याबद्दल एका डुकरिणीला न्यायालयाने मृत्युदंड दिला होता. आज ही गोष्ट कोणालाही चमत्कारिक वाटेल, पण घरात शिरलेल्या अस्वलाला मारले जाते तेव्हा त्या कृतीमागे सोयीचा विचार असला तरी ‘त्याने मर्यादा ओलांडली’ अशी भाषा सहज तोंडी येते. मर्यादा ओलांडण्यासाठी ती आधी ठाऊक असावी लागते. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्राण्यांच्या हक्कांवरील ग्रंथात याविषयी एक उपयुक्त भेद केला आहे: ज्यांना आपल्या कृतीचा नैतिक विचार करता येतो ते नैतिक कर्ते, आणि ज्यांना तो करता येत नाही पण ज्यांच्या बाबतीत इतरांचे वर्तन न्याय्य किंवा अन्याय्य ठरू शकते ते नैतिकदृष्ट्या विचारार्ह जीव. भारतीय परंपरेत हाच विचार वेगळ्या चौकटीत मांडलेला आहे. मनुष्ययोनी ही कर्मयोनी, म्हणजे नवे पापपुण्य जोडण्याचे सामर्थ्य असलेली. आणि पशुयोनी ही भोगयोनी, म्हणजे पूर्वकर्माचे फळ भोगण्यापुरती. पूर्वजन्माची कल्पना कोणी मान्य करो वा न करो, तिच्यातून निघणारा निष्कर्ष रेगन यांच्या निष्कर्षाशी जुळतो: अस्वलाच्या बाबतीत चोरी, अतिक्रमण आणि शिक्षा हे शब्द निरर्थक आहेत. भूक असते, स्मृती असते, आणि वास जेथे नेईल तेथे जाणे असते.

मग कर्ता उरतो तो माणूस, आणि येथे अडचण अशी येते की दाणे घालणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. हेतूलाच कर्माचे सार मानणारी दृष्टी बौद्ध परंपरेत विशेष स्पष्ट आहे. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात बुद्ध आणि निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीर, यांच्या मतांतील फरक मांडला आहे आणि बुद्धाने कायिक कर्मापेक्षा मानसिक कर्म अधिक गुरू मानल्याचे तेथे दिसते. ही कसोटी सरळसोट लावली तर दाणे घालणारा निर्दोष सुटतो, कारण त्याच्या मनात चिकडी होती, अस्वल नव्हते. जैन आचार्य उमास्वाती यांचे ‘तत्त्वार्थसूत्र’ मात्र या ठिकाणी अधिक कठोर, आणि अधिक खरी, वाट दाखवते. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांना मान्य असलेल्या या ग्रंथात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राणहानी पुरेशी मानलेली नाही आणि केवळ द्वेषही पुरेसा मानलेला नाही. प्रमादातून झालेली प्राणहानी म्हणजे हिंसा, असे तेथे प्रतिपादन आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, ज्याविषयी जागरूक असावयास हवे होते त्याविषयी असलेली मनाची सुस्ती. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत याचा खुलासा असा येतो की पाऊल जपून टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली एखादा जीव अवचित येऊन मेला तरी त्याला हिंसेचा बंध लागत नाही, उलट न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव मेला नाही तरी त्याच्याकडून हिंसा घडलेलीच असते.

या व्याख्येचे मोल असे की ती दुष्ट हेतू आणि निव्वळ अपघात यांच्या मधला फार मोठा प्रदेश उजेडात आणते, आणि आधुनिक जीवनातील बहुतेक हानी याच प्रदेशात घडते. अस्वलाला मारण्याची इच्छा कोणाचीच नसते. घरमालकाची नसते, शेजाऱ्याची नसते, बंदूक चालविणाऱ्या अधिकाऱ्याची तर बहुधा सर्वांत कमी असते. तरीही अस्वल मरते, कारण एप्रिल लागला हे कॅलेंडरवर दिसत असूनही नळकांडे उतरवले गेले नाही. उत्तर अमेरिकेतील वन्यजीव अधिकाऱ्यांमध्ये अशा अर्थाची एक म्हण रूढ आहे की पोसलेले अस्वल म्हणजे मेलेले अस्वल. ती ऐकूनही, समजूनही, सकाळी खिडकीतून पक्षी पाहण्याचा आनंद सोडवत नाही म्हणून दाणे टांगलेले राहतात, तेव्हा त्याला अजाणता घडलेले कृत्य म्हणणे कठीण आहे. येथे दयेची तपासणी थोड्या कठोरपणे करावी लागते. ज्या दयेत समोरच्या जीवाच्या जगण्याची घडी जाणून घेण्याचे कष्ट नाहीत, ती दया घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या समाधानासाठी अधिक असते.

वैदिक परंपरेतील दानविचारही याच दिशेने नेतो, आणि काळाचा प्रश्न त्यात उघडपणे आलेला आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगताना देश, काळ आणि पात्र, म्हणजे देण्याचे स्थान, देण्याची वेळ आणि घेणारा, या तिन्ही गोष्टी योग्य असणे हे सात्त्विक दानाचे लक्षण मानले आहे, तर अयोग्य स्थळी आणि अयोग्य काळी दिलेले दान तामस म्हटले आहे. तामस हा शब्द येथे दुष्टतेपेक्षा अज्ञान आणि आळस यांच्याशी जोडलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे उमास्वातींचा प्रमाद आणि गीतेतील तामस दान परस्परांच्या किती निकट आहेत ते दिसून येते. पात्रतेचा विचारही येथे थोडा वेगळ्या रीतीने करावा लागतो. अस्वल दानास अपात्र आहे याचा अर्थ ते हीन आहे असा नव्हे. ज्याचे जगणे माणसापासून दूर राहण्यावर अवलंबून आहे त्याच्या हिताचे असे काहीच माणसाच्या हातून दिले जाऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा मुद्दा मराठी वाचकाला परका वाटू नये, कारण पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञ, म्हणजे गृहस्थाने रोजच्या अन्नातील अंश प्राणिमात्रांसाठी काढून ठेवणे, हा येथील गृहधर्माचा भाग होता, आणि चिमण्यांना दाणे टाकण्याची, पितृपक्षात कावळ्याला घास ठेवण्याची सवय त्याच भावनेतून आलेली आहे. न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. त्या राज्याच्या सर्व २१ काउंट्यांमध्ये काळी अस्वले दिसल्याची नोंद असून अस्वलांना खाऊ घालणे तेथे कायद्याने दंडनीय आहे. अशा घराच्या मागच्या अंगणात श्रद्धेने ठेवलेला भाताचा किंवा दाण्यांचा ढीग रात्रभर तसाच राहिला तर त्याचा परिणाम न्यू हॅम्पशायरमधील फीडरहून वेगळा होणार नाही. भूतयज्ञातील बली मूठभर असतो, तो विशिष्ट वेळी दिला जातो आणि ज्या परिसरासाठी हा विधी घडला तेथे तो पाहता पाहता कावळे, कुत्री आणि मुंग्या संपवीत. ही मर्यादा त्या विधीच्या बाहेरची नसून त्याच्या आतलीच आहे, आणि परिसर बदलला की तिचा अर्थ नव्याने लावण्याची जबाबदारीही श्रद्धाळू माणसावरच येते.

काळानुसार संयम बदलण्याची सर्वांत सुस्पष्ट कल्पना मात्र श्रमणपरंपरेतील वर्षावासात आढळते. बौद्ध विनयपिटकातील महावग्गात असे निवेदन आहे की भिक्षू पावसाळ्यातही फिरत राहिल्याने कोवळे गवत आणि असंख्य लहान जीव तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली आणि त्यावरून पावसाळ्यात एकाच ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला गेला. जैन साधूंच्या चातुर्मासामागेही हेच कारण आहे, आणि ‘कल्पसूत्रा’च्या अखेरच्या भागात पावसाळ्यातील मुक्कामाचे नियम तपशिलाने आलेले आहेत. चालणे हे कृत्य वैशाखात निर्दोष आणि श्रावणात सदोष ठरते, ते चालणाऱ्याचा हेतू बदलतो म्हणून नव्हे, तर जमिनीवरचे जीवन बदलते म्हणून. नीतीचे पंचांग माणसाच्या सोयीने न ठरवता इतर जीवांच्या ऋतुचक्राने ठरवावे, हा या नियमाचा गाभा आहे. १ एप्रिल ते १ डिसेंबर हा न्यू हॅम्पशायरमधील आठ महिन्यांचा संयम सरकारी पत्रकात छापलेला असला आणि त्यामागे मोक्षाची कल्पना नसली, तरी त्याची रचना चातुर्मासाचीच आहे. फरक असा की साधूने हा संयम व्रत म्हणून स्वीकारलेला असतो आणि त्याच्यामागे संघ उभा असतो, तर घरमालकाला तो आपल्या स्वातंत्र्यावरील बंधन वाटू शकतो.

स्वातंत्र्याचा हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण न्यू हॅम्पशायरमध्ये तो प्रत्यक्ष कसाला लागलेला आहे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार एखाद्या व्यक्तीच्या वागण्यात समाजाने बळाने हस्तक्षेप करणे तेव्हाच योग्य ठरते, जेव्हा त्या वागण्याने दुसऱ्याची हानी होते. बाकी सर्व तिचा खासगी प्रांत. ग्राफ्टन नावाच्या छोट्या गावात २००४ पासून काही मंडळी शासनाचे अस्तित्व शक्य तितके कमी करावे या उद्देशाने येऊन राहिली, आणि त्या गावाची व तेथील अस्वलांची हकीकत पत्रकार मॅथ्यू हाँगोल्ट्झ-हेटलिंग यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सांगितली आहे. कोणी कचरा उघडा ठेवी, कोणी अस्वलांना मुद्दाम खाऊ घाली, कोणी त्याच अस्वलांच्या भीतीने शस्त्र जवळ बाळगी, आणि या सर्वांना एकत्र बांधणारा नियम नव्हता. २०१२ मध्ये तेथे एका महिलेवर स्वतःच्या घरापाशीच अस्वलाचा हल्ला झाला. त्या हल्ल्याचे एकच एक कारण सांगणे योग्य होणार नाही, आणि काळ्या अस्वलाचे भय अवास्तव वाढवणेही योग्य नाही, कारण १९०० ते २००९ या ११० वर्षांत संपूर्ण उत्तर अमेरिकेत या प्राण्याच्या हल्ल्यात मरण पावलेल्यांची नोंदलेली संख्या ६३ आहे. परंतु मिल यांच्या सिद्धान्तातील ‘खासगी प्रांत’ ही कल्पना अस्वलापुढे टिकत नाही, हे ग्राफ्टनवरून निश्चित दिसते. एका घराच्या अंगणात अस्वल जे शिकते ते दुसऱ्या घराच्या दारात वापरते, आणि कोठे शिकले याचा पत्ता ते सांगू शकत नाही. दहापैकी नऊ घरांनी फीडर उतरवले आणि एका घराने ठेवले, तर त्या नऊ घरांचा संयम वाया जातो. वसंतातील संयम म्हणूनच वैयक्तिक व्रत म्हणून पुरा पडत नाही. त्याला गावाचा ठराव व्हावे लागते.

या प्रदेशाच्या इतिहासातही या प्रश्नाची एक बाजू दडलेली आहे. न्यू इंग्लंडमधील जंगले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शेती आणि मेंढपाळीसाठी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली. पुढे शेतकरी पश्चिमेकडे आणि शहरांकडे गेले, कुरणे ओस पडली, त्यांवर झाडे उगवली आणि आज न्यू हॅम्पशायरची ८० टक्क्यांहून अधिक भूमी जंगलाखाली आहे. आजचे अस्वल अशा जंगलात राहते ज्यात जुन्या शेतांच्या दगडी बांधांचे अवशेष जागोजागी आहेत. घर जंगलात आले की जंगल घरापाशी आले, याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि ‘ही भूमी कोणाची’ या प्रश्नावर अस्वलाशी असलेल्या कर्तव्याची इमारत उभी करणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्याआधीही ही भूमी अबेनाकी या आदिवासी समूहाची होती. मानवशास्त्रज्ञ आयर्विंग हॅलोवेल यांनी १९२६ मध्ये उत्तर गोलार्धातील अस्वलविषयक विधींचा जो विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उत्तरेकडील अनेक समूहांमध्ये अस्वलाला आजोबा किंवा आजी अशा नात्याने संबोधण्याची, मारण्यापूर्वी त्याच्याशी बोलण्याची, क्षमा मागण्याची आणि त्याची हाडे आदराने ठेवण्याची प्रथा नोंदलेली आहे. हे समूह अस्वलाची शिकार करीत, त्यामुळे त्यांना अहिंसेचे आदर्श ठरवणे चुकीचे होईल. तथापि त्यांच्या लेखी अस्वल हा स्वतःचे मन, स्वतःची वाट आणि स्वतःची प्रतिष्ठा असलेला जीव होता, खिडकीतून पाहण्याचा पाहुणा नव्हता, आणि नात्याचा हा आदर आजच्या प्रेमात क्वचितच उतरलेला दिसतो.

ज्या ख्रिस्ती संस्कारात न्यू इंग्लंडची गावे घडली त्यातही एक प्रभावी चित्र आहे. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात, देवाचे राज्य येईल तेव्हा गाय आणि अस्वल एकत्र चरतील अशी कल्पना येते, आणि पेन्सिल्व्हेनियातील क्वेकर चित्रकार एडवर्ड हिक्स यांनी एकोणिसाव्या शतकात या शांतिराज्याची साठहून अधिक चित्रे काढली. हे स्वप्न उदात्त आहे यात शंका नाही. पण ते कालान्ताचे, सृष्टीचा स्वभावच पालटल्यानंतरचे स्वप्न आहे. त्याला आजच्या अंगणात घाईने उतरवू पाहणे हीही काळाचीच चूक होय. आजच्या सृष्टीत अस्वलाशी असलेली शांतता एका ताटात जेवण्याने येत नाही, ती ताटे दूर ठेवल्याने येते. मधमाश्यांच्या पेट्यांभोवती आणि खुराड्याभोवती विजेचे सौम्य झटके देणारे कुंपण घालणे, कचरा गाडी येण्याच्या सकाळीच बाहेर काढणे, कुत्र्याचे अन्न घरात ठेवणे, शेगडी धुऊन झाकणे ही कामे दिसायला क्षुद्र आहेत, त्यांत दिल्याचा आनंद नाही, कोणी कृतज्ञतेने पाहत नाही, आणि ज्याच्यासाठी ती केली त्याचे दर्शन न होणे हेच त्यांच्या यशाचे लक्षण आहे. अपरिग्रहाचा, म्हणजे आपल्याभोवती साठवण न करण्याचा, एक अर्थ असाही घेता येईल की इतर जीवांना भुलवील असा साठा उघडा न टाकणे.

राहतो तो सर्वांत अवघड प्रसंग: जे अस्वल आधीच अंगणाला सरावले आहे त्याचे काय करावे. दूर नेऊन सोडणे बहुधा व्यर्थ ठरते, हे मिंकच्या उदाहरणावरून दिसलेच. दुसरा उपाय त्याला भीती घालण्याचा आहे. मोठा आवाज करणे, रबरी गोळ्या मारणे, आणि वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव खात्याने केले आहे त्याप्रमाणे कॅरेलियन जातीचे शिकवलेले कुत्रे अंगावर सोडणे, म्हणजे माणसाचे घर ही दुःखाची जागा आहे असे त्याच्या मनावर ठसेल. पिल्ले सोबत असलेल्या, महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या मादीला असे पळवून लावणे ही हिंसा नव्हे काय, असा प्रश्न कोणाही संवेदनशील माणसाला पडेल, आणि तो पडणे योग्यच आहे. पूज्यपादांनी अशाच एका शंकेला उत्तर देताना करुणावान वैद्याचा दाखला दिला आहे: साधूच्या अंगावरील गळू कापताना वैद्य त्याला वेदना देतो, परंतु त्या वेदनेने त्याला पाप लागत नाही. हा दाखला येथे लागू पडतो, पण अर्धाच. वैद्याने गळू निर्माण केलेले नसते. अंगणाची चटक मात्र गावानेच लावलेली असते, आणि ज्या दिवशी रबरी गोळी झाडली जाते त्या दिवशीही शेजारच्या ओट्यावर दाण्यांचे नळकांडे लटकत असेल तर ती वेदना उपचार राहत नाही. व्यवहारातही हेच अनुभवास येते: अन्न तेथेच राहिले तर भ्यालेले अस्वल काही रात्रींनी परत येते, आणि अन्न हटवलेले असेल तर एप्रिलमधल्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच घातलेली भीती पुष्कळदा पुरेशी ठरते, कारण त्या वेळी सवय अजून मुरलेली नसते. आधी सर्व अंगणांतून दाणे उतरवणे आणि त्यानंतरच, तेही वसंताच्या आरंभीच, अस्वलाला पळवून लावणे हा क्रम म्हणूनच नीतीलाही तितकाच आवश्यक आहे जितका तो वन्यजीव खात्याच्या कामाला आहे.